पत्र्यावरची वारली : कमी खर्चात टिकणारा रंग
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

डहाणू आणि तलासरीच्या पाड्यापाड्यांवरच्या माझ्या तायांनो, काक्यांनो, वहिनींनो, भाताची कामं उरकून थोडा वेळ मिळाला असेल, कुणी चिकूच्या वाडीतून आत्ताच घरी आली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

आपल्या बऱ्याच गटांनी आता कागद आणि कापडाबरोबर धातूच्या वस्तूंवर वारली काढायला सुरुवात केली आहे. किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या, पणतीचे स्टँड, छोटे कंदील, पत्र्याचे डबे, दारावरच्या नावाच्या पाट्या. लोहाराकडून किंवा वेल्डिंगवाल्याकडून पत्रा कापून आणायचा आणि घरी बसून रंगवायचं. काम चांगलं आहे, घर सोडून लांब जावं लागत नाही. पण एक तक्रार मी सगळीकडे ऐकते : "ताई, रंग टिकत नाही. पोपडे निघतात." म्हणून आज त्यावर बोलणार आहे. महागडं मशीन न घेता, भट्टी न लावता, अंगणात बसून लहान वस्तूंना टिकणारा रंग कसा द्यायचा आणि त्याचा हिशोब कसा धरायचा.

आधी आमची चूक सांगते. ती गटाची नव्हती, माझी होती. दिवाळीच्या आधी आम्हाला मुंबईच्या एका दुकानाकडून दोनशे किल्ली-पट्ट्यांची ऑर्डर मिळाली होती. गटाची पहिलीच मोठी ऑर्डर. मला स्वस्तात चकचकीत पत्रा मिळाला, मी खूश होऊन घेऊन आले. बायकांनी त्यावर थेट ऑइलपेंट लावला, वर पांढऱ्या रंगाने तारपा काढला, नाच काढला, झाडं काढली. इतकं सुंदर काम झालं होतं! तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून माल पाठवला. दिवाळी झाली आणि एकशे वीस पट्ट्या परत आल्या. काहींवर वर्तमानपत्राची अक्षरं उमटलेली. बाकीच्यांचा रंग नखाने ओढला की सालीसारखा निघत होता.

त्या दिवशी गटाच्या बैठकीत कुणी बोलेना. बँकेचा हप्ता तोंडावर होता. एका मुलीने त्या पैशांवर लेकराची शाळेची फी धरली होती. शेवटी आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या काकी म्हणाल्या, "पोरी, भिंतीवर चौक काढायचा तर आधी भिंत सारवतो. तुम्ही पत्रा सारवलाच नाही."

काकींचं बोलणं अगदी बरोबर होतं. आपल्याकडे लग्नात देवचौक काढतात, तेव्हा आधी शेण-मातीने भिंत सारवून, गेरूचा हात देऊन, मगच तांदळाच्या पिठाचं पांढरं लावतात. हे काम मुळात सवाशिणींचं. तलासरीच्या धामणगावात जन्मलेल्या आणि डहाणूच्या गंजाडला राहिलेल्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं कागदावर आणि कापडावर नेली, जगभर पोचवली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याआधी कित्येक पिढ्या ती आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात होती, आणि भिंत तयार केल्याशिवाय त्यांनी कधी काडी उचलली नाही. पत्र्याचंही तेच आहे. फक्त पत्र्याचं सारवण वेगळं.

आता एकेक पायरी सांगते.

पहिली पायरी : धातू ओळखा. घरातलं लोहचुंबक घ्या, जुन्या स्पीकरमधलं असलं तरी चालेल. चुंबक चिकटलं नाही तर तो बहुधा ॲल्युमिनियम, पितळ किंवा तांबं. चिकटलं तर लोखंड. पण लोखंडातही दोन प्रकार. काळसर-करडा, हात लावला की तेलकट लागणारा तो साधा लोखंडी पत्रा. आणि चांदीसारखा चमकणारा, वर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसणारा तो जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला. आपल्या घराच्या छपरावर असतो तो.

माझी चूक इथेच झाली होती. जस्तावर साधा ऑइलपेंट थेट लावला की रंगातलं तेल आणि जस्त यांची प्रक्रिया होते आणि मधे साबणासारखा थर तयार होतो. सुरुवातीला रंग छान दिसतो, नंतर सालीसारखा निघतो. म्हणून नवीन असाल तर साधा लोखंडी पत्राच घ्या. जीआय पत्रा वापरायचाच असेल तर तो साबणाने धुवा, व्हिनेगरच्या फडक्याने पुसा, पुन्हा पाण्याने धुऊन वाळवा, आणि रंगाच्या दुकानात स्पष्ट विचारा, "जीआय पत्र्यावर चालणारा प्रायमर द्या." नुसतं "प्रायमर द्या" म्हणू नका.

दुसरी पायरी : तेल काढा. नव्या पत्र्यावर कारखान्याचं तेल असतं. हाताचं, केसांचं तेलही लागतं. कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण घालून घासा. ॲल्युमिनियमला मात्र सोडा लावू नका, ते काळं पडतं. त्याला नुसता साबण पुरतो. धुतल्यावर परीक्षा करा : वरून पाणी ओता. पाणी सरळ पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब-थेंब होऊन वेगळं झालं तर अजून तेल आहे, पुन्हा घासा.

तिसरी पायरी : गंज काढा. आपण समुद्राकाठचे. बोर्डी, घोलवड, चिंचणी, झाई, इथल्या वाऱ्यातच मीठ आहे. पुसून ठेवलेला पत्रा दोन दिवसांत तांबूस होतो. गंजावर रंग लावला तर गंज आतून वाढत राहतो आणि रंगाला वर ढकलतो. थोडा गंज असेल तर पॉलिश पेपरने घासा. आधी 120 नंबरचा, मग 220 नंबरचा. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. जास्त गंज असेल तर चिंचेच्या घट्ट कोळात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या घासणीने घासा. मग साध्या पाण्याने धुवा, एकदा सोड्याच्या पाण्यातून काढा म्हणजे आंबटपणा राहणार नाही, पुन्हा धुवा, लगेच फडक्याने पुसून कडक उन्हात ठेवा. आंबटातून काढलेलं लोखंड ओलं ठेवलं तर तासाभरात पुन्हा तांबूस होतं. म्हणून जेवढं त्याच दिवशी प्रायमर लावून होईल तेवढंच धुवायला काढा.

कडाही बघा. कापलेल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात. त्यावर रंग पातळ बसतो आणि गंज कडेपासूनच सुरू होतो. कानस किंवा पॉलिश पेपर फिरवून कडा बोथट करा. गिऱ्हाइकाचा हातही कापणार नाही.

चौथी पायरी : प्रायमर. साध्या लोखंडाला रेड ऑक्साइड प्रायमर लावायचा. आणि इथेच आपल्या वारलीला मोठी बचत आहे. रेड ऑक्साइडचा रंग कसा असतो? गेरूसारखा! आपल्याला जो तांबडा हवा तोच. मग वर पुन्हा तांबडा रंग विकत घ्यायचाच कशाला? प्रायमरच जमीन, त्यावर पांढरी वारली, आणि शेवटी पारदर्शक वार्निश. एक रंग आणि एक हात वाचला. फक्त वार्निश विसरायचं नाही, कारण प्रायमर एकटा ओल अडवत नाही. पाट्या दाराबाहेर पावसात राहणार असतील तर प्रायमरवर तांबड्या ऑइलपेंटचा एक हात द्याच.

प्रायमर पातळ लावा. बायका म्हणतात, "ताई, जाड लावला की एकदाच काम होतं." नाही होत. जाड लावला की ओघळ येतात, वरून सुकतो आणि आत ओला राहतो. पातळ हात, एक दिवस वाळवण, गरज वाटली तर दुसरा पातळ हात. वाळल्यावर 400 नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलकं घासा आणि धूळ पुसा. त्याने वरचा पांढरा रंग धरून बसतो.

पाचवी पायरी : चित्र. तांदळाचं पीठ आणि डिंक भिंतीवर चालतो, पत्र्यावर नाही. वाळला की झडतो. इथे ॲक्रिलिक पांढरा घ्या. पाण्यात कालवता येतो, वास नाही, हात पाण्याने धुतले की झालं. काडी आपलीच, बांबूची, टोक चावून कुंचला केलेली. बाजारचा बारीक ब्रश लागतोच असं नाही. रंग बाटलीच्या झाकणात थोडा थोडा घ्या. सगळी ट्यूब वाटीत काढली तर अर्धी वाळून जाते.

सहावी पायरी : वार्निश. पाण्यात कालवायचं ॲक्रिलिक वार्निश मिळतं, ते घ्या. तेलाचं वार्निश काही महिन्यांत पिवळसर होतं आणि आपला पांढरा तारपा हळदीचा दिसायला लागतो. आधी एका तुकड्यावर लावून बघा, पांढरा रंग पसरत नाही ना. मग दोन पातळ हात द्या. मागची बाजू आणि कडा सोडू नका. भिंतीकडची बाजू कुणाला दिसत नाही, पण ओल तिथूनच लागते.

सातवी पायरी सगळ्यात अवघड : थांबणं. ऑइलपेंट आणि प्रायमर हाताला काही तासांत सुका वाटतो. पण आतून घट्ट व्हायला आठवडा तरी लागतो. आम्ही तिसऱ्या दिवशी बांधले, म्हणून अक्षरं उमटली. आता आमचा नियम आहे : शेवटचा हात झाल्यावर सात दिवस बांधायचं नाही, आणि वर्तमानपत्रात तर कधीच गुंडाळायचं नाही. साधा पांढरा कागद किंवा जुन्या सुती साडीचे तुकडे.

ऋतूही बघा. पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की रंग सुकतच नाही, पांढुरका पडतो. संध्याकाळी दव पडायच्या आत वस्तू घरात घ्या. दिवाळीची ऑर्डर असेल तर पत्रा घासून प्रायमर लावायचं काम उन्हाळ्यातच करून ठेवा आणि पावसाळ्यात घरात बसून चित्र काढा. प्रायमर लावलेला माल कोरड्या जागी, फडक्यात बांधून ठेवा. चित्र काढायच्या आधी पुन्हा हलका घासून पुसून घ्या.

वाळवायला खर्च करू नका. दोन बांबूंमध्ये तार बांधा, प्रत्येक वस्तू आकड्याला लटकवा. दोन्ही बाजूंनी हवा लागते. लहान आकडे, कड्या असं काही असेल तर ब्रशने रंगवत बसू नका. रंग थोडा पातळ करून डब्यात बुडवा, निथळू द्या, खालचा थेंब काडीने टिपा. स्प्रेचा डबा सोपा वाटतो, पण लहान वस्तूवर मारताना निम्म्याहून जास्त रंग हवेत आणि अंगणात जातो. आपल्या कामाला तो महाग पडतो.

आता रंग किती लागतो तो हिशोब. सपाट पत्र्यावर एक लिटर प्रायमर किंवा ऑइलपेंट साधारण दहा चौरस मीटरला एक हात देतो. आपली किल्ली-पट्टी 20 सेंटीमीटर लांब, 8 सेंटीमीटर रुंद. एक बाजू 160 चौरस सेंटीमीटर, दोन्ही मिळून 320. शंभर पट्ट्या म्हणजे 32,000 चौरस सेंटीमीटर, म्हणजे 3.2 चौरस मीटर. त्याला सुमारे 320 मिलिलिटर. सांडलवंड, ब्रशला लागलेला, धरून 400. म्हणजे शंभर पट्ट्यांच्या एका हाताला अर्ध्या लिटरचा डबा पुरून उरतो. चार लिटरचा डबा स्वस्त पडतो म्हणून आणू नका. उघडलेल्या डब्यावर साय धरते आणि उरलेला फुकट जातो. दोन-तीन गट मिळून मोठा डबा घ्या आणि त्याच दिवशी घट्ट झाकणाच्या बाटल्यांत वाटून घ्या. साय धरलीच तर ढवळू नका. ती उचलून काढा आणि रंग जुन्या ओढणीतून गाळून घ्या.

आता पैशाचं. समजा एका पट्टीचा पत्रा आणि कापणावळ 30 रुपये. प्रायमर 2 रुपये, पांढरा रंग आणि वार्निश 4 रुपये. बांधणी 4 रुपये. आणि आपली मजुरी 40 रुपये. मजुरी धरायचीच! "घरचंच काम आहे" म्हणून सोडायची नाही. एकूण 80 रुपये झाले. विकली 120 ला. शंभर पट्ट्यांवर खर्च 8,000, विक्री 12,000, गटाला उरले 4,000.

आता समजा प्रायमर लावलाच नाही. शंभर पट्ट्यांवर 200 रुपये वाचले, खर्च 7,800. पण रंग निघाला म्हणून वीस पट्ट्या परत आल्या. विकल्या गेल्या ऐंशी, आले 9,600. उरले 1,800. म्हणजे 200 रुपये वाचवायला गेलो आणि 2,200 रुपये कमी मिळाले. आणि तो दुकानदार पुन्हा फोन करत नाही, ते या हिशोबात धरलेलंच नाही. कमी खर्च म्हणजे रंगात काटकसर नव्हे. योग्य ठिकाणी खर्च आणि बाकी उधळपट्टी बंद, असा अर्थ घ्या.

माल पाठवण्याआधी दोन परीक्षा करा. एक पट्टी बाजूला काढा. सात दिवस वाळली की मागच्या बाजूला ब्लेडने फुलीसारखा छेद द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग चिकटपट्टीला आला तर सगळा माल थांबवा. दुसरी परीक्षा आपल्या हवेसाठी : दुसरी पट्टी मिठाच्या पाण्यात रात्रभर अर्धी बुडवून ठेवा. सकाळी कडेला तांबूस दिसलं तर कडेला वार्निश कमी पडलंय. एक-दोन पट्ट्या वाया गेल्या तरी शंभर वाचतात.

आता जिवाच्या काळजीचं. टर्पेंटाइन आणि थिनर पेट घेतात. चूल, बिडी, दिवा जवळ नको. काम ओसरीवर किंवा अंगणात, बंद खोलीत नाही. गरोदर बाईने आणि लहान लेकरांनी ऑइलपेंटच्या कामापासून लांब राहायचं. ज्यांना दिवस गेलेत त्यांना गटाने हिशोब लिहायचं, बांधणीचं किंवा कागदावर नक्षी आखायचं काम द्यावं, म्हणजे त्यांची मजुरी बुडत नाही. घासताना तोंडाला ओढणी बांधा. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन विहिरीजवळ, ओहोळात टाकू नका. बाटलीत ठेवा, रंग तळाला बसतो, वरचं पुन्हा वापरता येतं. तोही खर्च वाचतो.

शिशाबद्दल नक्की लक्षात ठेवा. जुन्या रंगांत शिसं असायचं, आणि शिसं लेकरांच्या मेंदूला घातक आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग अशी ठरली आहे आणि ती नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. म्हणून कुणी त्याआधीचा पडून राहिलेला डबा फुकट दिला तरी घेऊ नका. लेबल नसलेला सुटा रंग नको. तांबड्या रंगासाठी शेंदूर तर मुळीच नको, त्यात शिसं असू शकतं. डब्यावर 'शिसेविरहित' लिहिलेलं पाहूनच घ्या. ताटाच्या, वाटीच्या आतल्या बाजूला, जिथे खाणं ठेवतात तिथे, कुठलाच रंग नाही. पणतीच्या स्टँडवर ज्योत लागते तो भागही कोरा सोडा, साधा रंग तिथे जळून काळा होतो आणि धूर करतो.

त्या परत आलेल्या एकशे वीस पट्ट्यांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. फेकल्या नाहीत. गरम पाण्यात सोडा घालून बुडवल्या. रंग आधीच सुटत होता, घासून काढला. मग धुतल्या, व्हिनेगरने पुसल्या, या वेळी बरोबर प्रायमर विचारून आणला आणि पुन्हा रंगवल्या. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेत मांडल्या. दाम मुंबईपेक्षा कमी मिळाला, बऱ्याचशा विकल्या गेल्या, काही अजून आमच्याकडे आहेत. मुंबईच्या त्या दुकानात मी स्वतः दोन पट्ट्या घेऊन गेले. त्यांच्यासमोर चिकटपट्टी लावून ओढून दाखवली. त्यांनी पन्नासची ऑर्डर दिली, दोनशेची नाही. आम्ही ती घेतली.

ती फीवाली मुलगी आता आमच्या गटाची तपासनीस आहे. तिने "चालेल" म्हटल्याशिवाय एकही पट्टी बांधली जात नाही. माझीसुद्धा तिने एकदा परत पाठवली, कडेला वार्निश नव्हतं म्हणून.

तुम्ही करणार असाल तर लगेच शंभर करू नका. आधी पाच वस्तू करा. महिनाभर स्वतःच्या घराच्या बाहेर, वाऱ्यात टांगून ठेवा. टिकल्या तर गटाच्या बैठकीत दाखवा आणि मग ऑर्डर घ्या. काही अडलं तर तुमच्या गावच्या समन्वयक ताईला विचारा, किंवा जिने आधी हे काम केलं आहे तिच्या अंगणात जाऊन बसा. बघून जेवढं कळतं तेवढं माझ्या बोलण्याने कळणार नाही.

चला, मीही उठते, माझा तारेवरचा माल दव पडायच्या आत घरात घ्यायचा आहे. नमस्कार.